कानगोष्टी : रात्री वाजणारं भजन

(वाचकांच्या कान-नाक-घशाच्या प्रश्नांना या सदरातून उत्तरं दिली जातात. पत्रलेखकांची नावं छापली जात नाहीत.)

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. माझं वय ७६. वाईत प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. हे गेल्यापासून जुन्या घरात एकटीच असते. मुलगा-सून पुण्याला. शेजार चांगला आहे, सोबतीची तक्रार नाही.

आमच्या घाटावरचा कृष्णाबाईचा उत्सव झाला, मांडव उतरला, पण भजन काही थांबेना. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू होतं. आधी पेटी, मग टाळ, मग पाचसात पुरुषांचे आवाज. शब्द धड लागत नाहीत, पण चाल अगदी ओळखीची. माझे वडील काकडआरतीला म्हणायचे त्यातली. दोन ओळी होतात आणि परत त्याच दोन ओळी. पुढचं कडवं येतच नाही. पहाटेपर्यंत हेच.

एकदा राहवलं नाही म्हणून मध्यरात्री शेजारच्यांचं दार वाजवलं. त्यांचा मुलगा डोळे चोळत बाहेर आला. "आजी, आमच्याकडे सगळे झोपलेत," म्हणाला. मला आत नेऊन बंद टीव्ही दाखवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून कुणाला काही सांगत नाही.

सुनेला कसंबसं बोलले तर ती म्हणाली, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवू. शेजारच्या काकू म्हणतात, ह्यांचं काहीतरी मागे राहिलंय, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करून या. मला ऐकायला कमी येतं, हे खरं आहे. टीव्ही मोठा लागतो, फोनवर नातवाचं बोलणं कळत नाही. पण ज्याला कमी ऐकू येतं त्याला नसलेलं कसं ऐकू येईल? गुडघ्यांच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. माझ्या आत्याला उतारवयात भ्रम झाला होता, त्याची फार धास्ती आहे. मला वेड लागत चाललंय का? खरं काय ते सांगा, लपवू नका.

उत्तर : बाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमच्या पत्रावरून तरी, नाही. ज्या बाईला भजन ऐकू येतं, ती दार वाजवून खात्री करते, शेजारचा टीव्ही बंद आहे हे डोळ्यांनी बघून मान्य करते आणि मग इतकं मुद्देसूद पत्र लिहिते, तिचं डोकं ठिकाणावर आहे. हा त्रास बहुतेक तुमच्या कानांपासून सुरू झालेला आहे. बहुतेक म्हणते, कारण मी तुम्हाला तपासलेलं नाही. काय तपासायचं ते पुढे लिहिते.

ऐकू कमी येणाऱ्या वयस्क माणसांना गाणी, भजनं, बँड, पेटी असं काही ऐकू येणं हा ओळखीचा त्रास आहे. माझ्या ओपीडीत तो आपणहून कुणी सांगत नाही. कान तपासून झाले, कागद हातात दिला, पेशंट उठून दारापर्यंत गेला की मी विचारते, "आजी, कानात नुसती गुंईंगुंईं असते की कधी गाणंबिणं पण ऐकू येतं?" मग दाराशी उभी असलेली बाई वळून परत खुर्चीत येऊन बसते. मुलगा नाहीतर सून बरोबर असली तर आधी त्यांच्याकडे बघते आणि मग हळू आवाजात सांगायला लागते. सांगून झाल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिलाय. म्हणून आता हा प्रश्न ऐकायला कमी येणाऱ्या प्रत्येक वयस्क पेशंटला विचारते. तुम्हाला जशी लाज वाटली तशी ती जवळजवळ प्रत्येकाला वाटते आणि त्यामुळेच हा त्रास किती लोकांना आहे याचा घरच्यांना पत्ता नसतो.

आता तुमचा खरा प्रश्न, कमी ऐकू येणाऱ्याला नसलेलं कसं ऐकू येतं. फार नेमका प्रश्न विचारलात.

आपल्या आतल्या कानात शंखासारखा वेटोळा भाग असतो, त्याला कॉक्लिआ म्हणतात. त्यात साधारण पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजाची कंपनं पकडून त्यांचे संदेश नसेवाटे मेंदूकडे पाठवणं हे त्यांचं काम. वयानुसार या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच स्वर पकडणाऱ्या पेशी आधी जातात. स, श, फ, ठ ही अक्षरं त्यांच्याच भरवशावर ऐकू येतात, म्हणून 'सात' म्हटलं की 'साठ' ते कळत नाही. "ऐकू येतं, पण समजत नाही" ही तक्रार तिथूनच येते. फोनवर नातवाचं बोलणं हरवतं तेही याच कारणानं, कारण एक तर मुलांचा आवाज उंच आणि फोनवर ओठ दिसत नाहीत.

पण ऐकण्याचं काम कानापाशी संपत नाही. कानाकडून अर्धवट येणाऱ्या आवाजाचा अर्थ मेंदू लावतो, आणि पूर्वीच्या अनुभवावरून पुढे काय येणार याचा अंदाजही बांधत असतो. कानाकडून भरपूर आवाज येत असला की हा अंदाज सतत दुरुस्त होत राहतो. कान थकले की दुरुस्ती होत नाही. मग ऐकण्याचे भाग जास्त संवेदनशील होतात आणि साठवणीतलं जे सगळ्यात पक्कं आहे ते स्वतःच चालवू लागतात. बाई, तुम्ही वर्गाबाहेर गेलात की मुलं काय करायची? जे तोंडपाठ आहे तेच मोठ्यानं म्हणायला लागायची, आणि तेही पहिल्या दोन ओळींत अडकून. तुमच्या डोक्यात रात्री तेच होतंय. वडिलांची काकडआरती लहानपणी इतक्यांदा कानावर पडली की ती सगळ्यात खोल बसलीय. म्हणून तीच वाजते.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला टिमथी ग्रिफिथ्स यांनी उतारवयात ऐकू कमी झालेल्या आणि असं संगीत ऐकणाऱ्या सहा जणांच्या मेंदूंचे पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते दाखवणारे स्कॅन, केले. ते काम २००० साली प्रसिद्ध झालं. संगीत जोरात ऐकू येत असताना मेंदूतले सूर-तालाच्या रचना ओळखणारे भाग कामाला लागलेले दिसले. कानाकडून येणारा आवाज जिथे पहिल्यांदा पोचतो तो भाग मात्र तसा जागा झालेला नव्हता. म्हणजे बाहेरून काही येत नव्हतं, पण ऐकण्याची यंत्रणा खरोखर चालू होती. तुम्ही "ऐकू येतं" म्हणता ते अगदी खरं आहे. घरच्यांना हे वाचून दाखवा.

संगीतच का आणि माणसांच्या गप्पा का नाहीत? कधी कधी गर्दीची कुजबुज किंवा लांबच्या रेडिओवरचं न कळणारं बोलणंही ऐकू येतं, पण संगीत जास्त. त्यात पुनरावृत्ती असते, ठेका असतो, एका सुरामागून कोणता येणार ते ठरलेलं असतं. अंदाज बांधणाऱ्या मेंदूला ते सोपं जातं. बायकांमध्ये, वय झालेल्यांमध्ये आणि एकटं राहणाऱ्यांमध्ये हा त्रास जास्त आढळतो. तुमच्यात तिन्ही गोष्टी आहेत, आणि रात्री तर घरात चिटपाखरूही नसतं.

आता करायचं काय.

रात्री भजन सुरू झालं की दोन्ही कानांत बोटं घाला. बाहेरचा आवाज असेल तर तो दबेल. तसाच राहिला किंवा उलट वाढला, तर तो आतला आहे. मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्डिंग करून सकाळी सुनेला पाठवा. त्यात काही नसलं तर कुणाचं दार वाजवायला नको, आणि खरंच कुणी लाउडस्पीकर लावत असेल तर तेही कळेल. पंखा, फ्रीज किंवा पाण्याची मोटर चालू असताना हे जास्त होतं का, तेही बघा. एकसुरी घरघरीतून मेंदू चाल विणतो, हे पुष्कळ पेशंट सांगतात. पंखा बंद केल्यावर भजन थांबलं असं झालं तर लिहून ठेवा, डॉक्टरांना ते उपयोगी पडेल.

दुसरं, कानाच्या डॉक्टरांकडे जा. कान आधी आतून बघतील. मळ घट्ट बसला असेल तरी ऐकू कमी येतं आणि तो काढल्यावर आवाज बंद झाल्याचं मी पाहिलंय. घरी केसांची पिन, काडी घालू नका, गरम तेल सोडू नका. मग ऑडिओमेट्री होईल. बंद खोलीत कानावर हेडफोन लावतात आणि बारीक आवाज आला की बटण दाबायचं. तपासणीतून एक आलेख मिळतो. त्याची एक प्रत जपून ठेवा.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. बीपीच्या गोळ्यांची नावं तुम्ही लिहिली नाहीत, गुडघ्यांच्याही नाहीत. दुखण्यासाठी सर्रास दिलं जाणारं ट्रॅमाडॉल काही वयस्क माणसांत असं संगीत सुरू करतं. जास्त मात्रेतली अ‍ॅस्पिरिनही कान वाजवते. झोपेच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या आणि बीपीसाठीचं प्रोप्रॅनोलॉल यांच्याबद्दलही असे अनुभव नोंदलेले आहेत. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. भजन सुरू होण्याच्या आसपास कोणती गोळी नवी लागली ते आठवा. मात्र मनानं एकही गोळी बंद करू नका, बीपीची तर मुळीच नाही.

चौथं म्हणजे कानाचं यंत्र. उपचारांमध्ये माझा सगळ्यात जास्त भरवसा यावर आहे. आतून वाजतंय ते बाहेरून पुरेसं येत नाही म्हणून वाजतंय. बाहेरचं परत आत आलं की पुष्कळांचं संगीत मागे सरतं, काहींचं बंद होतं. सगळ्यांचंच होतं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. पण तरीसुद्धा नातवाचं बोलणं कळेल, आणि एवढ्यासाठीही यंत्र घेण्यासारखं आहे. दोन्ही कान उतरले असतील तर शक्यतो दोन्हीकडे घ्या. आधी काही दिवस घरी वापरून बघायला मागा. जाहिरातीतलं, घरपोच येणारं, नुसता आवाज मोठा करणारं यंत्र घेऊ नका. यंत्र तुमच्या आलेखाप्रमाणे बसवून द्यायला हवं. पहिले काही आठवडे भांड्यांचा, चपलांचा, स्वतःच्या आवाजाचा त्रास होईल. रोज थोडा थोडा वेळ वाढवा, सोडू नका.

आणि रात्रीचं. झोपताना यंत्र काढावंच लागतं आणि खोली शांत होते, तेव्हाच भजन चढतं. म्हणून खोली निःशब्द ठेवू नका. उशाशी रेडिओ मंद लावा. पंख्याच्या घरघरीनं भजनाला जोर येत असेल तर बोलण्याचा कार्यक्रम लावा, आकाशवाणीवरचं भाषण, कीर्तन, काहीही. न्यूकॅसलच्याच गटानं २०१४ मध्ये एका वयस्क संगीतकार बाईंवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. त्यांना ठरावीक संगीत ऐकवलं की ते थांबल्यावरही थोडा वेळ आतलं संगीत उतरायचं, आणि तेव्हा मेंदूच्या लहरींत काय बदलतं ते त्यांनी नोंदवलं. तुमच्या बाबतीत कोणतं गाणं असं काम करतं ते तुम्हीच शोधू शकाल. भजनावर भजन चालत नसेल तर अगदी वेगळं काहीतरी, सनई म्हणा, शाळेतल्या कविता म्हणा. काही जण मनात ती अडकलेली चाल शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणून पूर्ण करतात आणि त्यांना बरं वाटतं. तुम्हाला ती अख्खी येत असणार. म्हणून बघा.

गोळ्यांचं विचाराल तर यासाठी हमखास लागू पडणारी गोळी नाही. फार त्रास असेल तर मेंदूचे डॉक्टर काही औषधं देऊन बघतात, काहींना गुण येतो. मी आधी कान, मग गोळ्या, या क्रमानं जाते.

तुमच्या सुनेवर रागावू नका. तिनं मानसोपचाराचं नाव काढलं ते काळजीपोटी. पण क्रम कानापासून सुरू करायचा. मनाच्या आजारात बहुधा शब्द स्पष्ट असतात. कुणीतरी तुमच्याविषयी बोलतं, नावं ठेवतं, हे कर ते कर म्हणून हुकूम सोडतं. तसं काही सुरू झालं, किंवा झोप-जेवण तुटलं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला एक दिवसही थांबू नका. त्यात कमीपणा काही नाही.

नारायण नागबळीबद्दल. तुमच्या श्रद्धेच्या आड मी येणार नाही. त्र्यंबकेश्वरला जायचं असेल तर दर्शनाला जरूर जा. पण ह्यांचं काही मागे राहिलंय म्हणून ते भजनाच्या रूपानं तुम्हाला छळताहेत, हे मनातून काढून टाका. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढलं त्याच्याबद्दल अशी भीती घेऊन रात्री जागणं, याचं मला फार वाईट वाटलं. मळ, केशपेशी, गोळ्या यात कारण सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

एक गोष्ट सांगून पुढे जाते. न्यूयॉर्कचे मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी वृद्धाश्रमातल्या एका आयरिश आजींबद्दल लिहिलंय. वय ८८. थोडं कमी ऐकू यायचं. एका रात्री लहानपणच्या आयरिश गाण्यांनी त्यांना जाग आली. कुणीतरी रेडिओ चालू ठेवला म्हणून त्या शोधायला उठल्या. त्यांच्या मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाचा रक्तपुरवठा थोडा अडून लहानसा झटका येऊन गेला होता आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये त्याची खूण सापडली. पुढे ती गाणी थांबली. लहानपणीच पोरक्या झालेल्या त्या बाईंना ती गेल्याची चुटपुट लागली, कारण गाण्यांबरोबर आईची आठवण परत आली होती. ही गोष्ट दोन कारणांसाठी सांगितली. एक, रेडिओ शोधायला उठणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. दुसरं, कधी कधी कारण मेंदूत असतं. म्हणून गाणं एकाएकी सुरू झालं, त्याबरोबर तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं, फीट येणं, जबर डोकेदुखी असं काही असलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं. तुमच्या पत्रात असं काही नाही.

आत्याच्या भ्रमाची धास्ती मला समजते. भजन ऐकू येतं म्हणजे स्मृतिभ्रंश सुरू झाला, असं नसतं. पण ऐकू कमी येणं तसंच सोडून दिलं तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे आता जगभरचे तज्ज्ञ मानतात. यंत्र लवकर घ्यायला हे आणखी एक कारण. आणि शेजारच्या मुलाला दिवसाउजेडी बोलावून सगळं सांगून टाका. ज्यानं मध्यरात्री तुम्हाला आत नेऊन टीव्ही दाखवला तो समजून घेईल.

प्रश्न : मी एसटीत ड्रायव्हर आहे, वय ५२. चार दिवसांपूर्वी सकाळी उठलो तर डावा कान बंद. आत सारखं गुंईं वाजतंय. मेडिकलवाल्यानं मळ असेल म्हणून थेंब दिले. फरक नाही. काय करू?

उत्तर : हे पत्र हाती पडलं त्याच दिवशी त्यावरच्या नंबरवर फोन करून यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. इथे छापते ते इतरांसाठी. एका कानाचं ऐकू येणं एकाएकी, तासाभरात किंवा दोनतीन दिवसांत गेलं तर ती तातडीची बाब समजायची. मळामुळेही कान बंद होतो, पण नसेचं ऐकणं गेलेलं असेल तर स्टेरॉइडचा उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितकं ऐकणं परत येण्याची आशा जास्त. दोन आठवडे उलटले की ती झपाट्यानं कमी होते. घरी एक करून बघता येतं. ओठ मिटून "हं" असा लांब सूर काढायचा. मळ असेल तर तो सूर बंद कानात घुमतो, नस दुखावली असेल तर चांगल्या कानात ऐकू येतो. पण याच्या भरवशावर घरी बसू नका, तपासणी त्याच दिवशी करून घ्या. आणि मासिकाला पत्र घालून उत्तराची वाट पाहू नका.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. वडील ८२ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. त्यांना सतत ताशा आणि बँड ऐकू येतो. सोसायटीच्या हॉलमध्ये लग्न चालू आहे म्हणून सेक्रेटरींकडे तक्रारी करतात. आम्ही "काही वाजत नाही, भास आहे तुमचा" म्हटलं की भांडण पेटतं. आईनं कंटाळून "हो, वाजतंय" म्हणायला सुरुवात केलीय. कानाचं यंत्र आहे, पण शिट्टी मारतं म्हणून कपाटात पडून आहे. हल्ली गॅलरीत लहान मुलं बसलेली दिसतात असंही म्हणतात. चालणं मंदावलंय, हात थरथरतो, पण ते वयामुळे असेल. त्यांच्याशी कसं वागावं?

उत्तर : वागण्याचं आधी सांगते, पण तुम्ही जाता जाता लिहिलेली शेवटची दोन वाक्यं जास्त महत्त्वाची आहेत. त्यांच्याकडे वळतेच.

भांडण या गोष्टीचं आहे की तुम्ही त्यांच्या कानांना खोटं ठरवता. आईसारखं "वाजतंय" म्हणूही नका, मग त्यांना खरंखोटं ठरवायला घरात कुणी उरत नाही. त्यांच्यासमोर, उजेडात, टीव्ही बंद करून बसा आणि म्हणा, "बाबा, तुम्हाला ताशा ऐकू येतोय हे मला पटतंय. मला येत नाहीये. चला, हॉलपर्यंत जाऊन येऊ." एकदा कुलूप बघून आलात की पुढच्या वेळी त्याची आठवण देता येते. दुसऱ्या खोलीतून ओरडून बोलू नका. पाठमोरं बोलू नका.

यंत्र शिट्टी मारतं ते बहुधा कानातला साचा सैल झाल्यामुळे किंवा कानात मळ साचल्यामुळे. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. बटणसेलच्या यंत्रात सेलवरचा रंगीत कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग सेल घालायचा. लगेच घातला तर सेल लवकर संपतो. पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग संस्था आहे. ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि तिथे श्रवणतपासणी आणि यंत्राचं काम होतं. लोकलनं बाबांना नेणं जड असेल तर जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे न्या, पण यंत्र कपाटातून बाहेर काढा. ज्यांना परवडत नाही अशा वाचकांसाठी सांगते, केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून २०१७ पासून गरीब ज्येष्ठांना शिबिरांमध्ये कानाची यंत्रं मिळतात. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

आता ती दोन वाक्यं. गॅलरीत मुलं दिसणं याला एक निरुपद्रवी कारण असू शकतं. शार्ल बोने या जिनिव्हाच्या निसर्गअभ्यासकानं १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलंय. मोतीबिंदूनं नजर गेलेल्या आजोबांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या, डोकं मात्र शाबूत होतं. डोळ्यांकडून कमी आलं की मेंदू चित्रं भरतो, तुमच्या बाबांच्या कानांचं झालं तसंच. म्हणून डोळे तपासा. पण दिसणं, ऐकू येणं, चाल मंदावणं आणि हात थरथरणं हे सगळं एकत्र आलं की मी "वयामुळे" म्हणून सोडणार नाही. त्यात एक दिवस लख्ख आणि दुसऱ्या दिवशी गोंधळलेले, किंवा झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं असं होत असेल तर पार्किन्सनच्या किंवा लुई बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशाच्या दिशेनं तपास व्हायला हवा. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ, म्हणजे न्यूरोलॉजिस्ट. हे सगळं तीनचार दिवसांत अचानक वाढलं असेल तर लघवीतलं इन्फेक्शन आणि रक्तातलं सोडियम आधी तपासायला सांगा. म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ कितीदा तरी तिथून निघतो.

आणि एक कळकळीचं. "भास थांबवायची गोळी" म्हणून कुणी परस्पर काही दिलं तर ती न्यूरोलॉजिस्टना दाखवल्याशिवाय देऊ नका. लुई बॉडीच्या आजारात हॅलोपेरिडॉलसारखी औषधं माणसाला एका दिवसात अंथरुणाला खिळवू शकतात. अपॉइंटमेंटला जाताना कानाचा आलेख, यंत्र, गोळ्यांची पिशवी आणि त्यांना केव्हा काय दिसलं-ऐकू आलं याची आठवडाभराची नोंद न्या. शक्य असेल तर झोपेतल्या हालचालींचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. तो डॉक्टरांना नीट बघू दे आणि बाबांना आधी सांगून घ्या.